अळवावरचा रंग



‘हातासरशी’ या सदराला येणाऱ्या मेसेजमध्ये गेले काही महिने एक प्रश्न सारखा डोकावतोय. गाडी आठ-दहा वर्षांची झाली, इंजिन ठणठणीत आहे, पण आतलं प्लास्टिक बघवत नाही. कुठे रंग उडालाय, कुठे ओरखडे पडलेत. घरच्या घरी स्प्रे मारता येतो का?

उत्तर : येतो. पण सगळ्या भागांना नाही, आणि काही भागांना तर मुळीच नाही. यंदा फेब्रुवारीत मी आमच्या गाडीतले आठ तुकडे घरी रंगवले. चार दारांच्या पट्ट्या, गिअरभोवतीची चौकट आणि एसीच्या जाळ्यांभोवतीच्या तीन चौकटी. पावसाळा आणि एक कडक मे महिना त्यांनी काढला आहे, त्यामुळे आता त्यावर लिहायला हरकत नाही.

आमच्याकडे हे काम गाडी देखणी दिसावी म्हणून झालं नाही, बाबांमुळे झालं. म्हणून आधी ते सांगतो.

चंदेरी पट्टी आणि साडेचारचं ऊन

आमची गाडी २०१३ची हॅचबॅक. २०१९ साली सेकंडहँड घेतली. विकणाऱ्यानं ती ‘नवी दिसावी’ म्हणून आतले हे आठ तुकडे चकचकीत चंदेरी रंगवून घेतले होते. दोन वर्षांत दारांच्या पट्ट्यांवरचा रंग पापुद्र्यासारखा सुटायला लागला. मुलगी मागच्या सीटवर बसून नखानं तो सोलायची. तेवढ्यावर आम्ही काही हालचाल केली नव्हती.

गाडी मुख्यतः बाबा वापरतात. मी ऑफिसच्या बसनं जातो. बाबा एकोणसत्तर वर्षांचे. आठवड्यातून तीन दिवस दुपारी मांजलपूरहून दांडिया बाजारला जायचं, जुन्या मित्रांबरोबर तास-दोन तास बसायचं, येताना आईनं सांगितलेलं सामान आणायचं, हा त्यांचा शिरस्ता. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेही छान झालं. पण गेल्या दिवाळीनंतर ते जायची टाळाटाळ करायला लागले. कधी “आज कंटाळा आलाय,” कधी “रिक्षानं जातो.” शेवटी एकदा आईजवळ बोलले, की गाडी चालवताना डोळ्यांपुढे चमकतं आणि क्षणभर काही दिसत नाही.

पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. “दादा, आता बाबांची गाडी बंद कर. काही झालं तर?” त्याचं चुकत नव्हतं. पण बाबांच्या बाजूनं बघितलं तर गाडी बंद म्हणजे दांडिया बाजार बंद, आणि दांडिया बाजार बंद म्हणजे दुपारी टीव्हीसमोर बसणं. फोन स्पीकरवर होता. बाबा पेपर वाचत होते, पण पान काही उलटलं नाही.

आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. नजर व्यवस्थित, गाडी चालवायला हरकत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. काही जणांना ऑपरेशननंतर झगमगाट जास्त जाणवतो, तेव्हा चमक कुठून येते ते शोधा, असंही म्हणाले.

आता आमच्या धंद्यात एक नियम असतो. बग दुरुस्त करण्याआधी तो आपल्या डोळ्यांसमोर घडवून बघायचा. मी कित्येकदा त्याच वेळी, त्याच रस्त्यानं गाडी चालवली होती आणि मला कधी काही चमकलं नव्हतं. म्हणून एका दुपारी साडेचारला बाबांना शेजारी बसवलं, सीट त्यांच्या उंचीला लावली आणि निघालो. बाबा माझ्यापेक्षा चांगले अर्धा फूट बुटके आहेत. मांजलपूरहून दांडिया बाजारकडे जाताना दुपारनंतरचं ऊन डावीकडच्या खिडकीतून आत येतं. सीट खाली आणि पुढे घेतल्याबरोबर गिअरभोवतीच्या चंदेरी चौकटीवरून ते ऊन सरळ डोळ्यांत घुसलं. मान जरा वर केली की गायब, खाली घेतली की परत हजर.

बाबा म्हणाले, “दिसलं ना? हेच सांगत होतो.”

गाड्यांचे डॅशबोर्ड वरून बहुधा काळपट आणि बिनचमकीचे का असतात, त्याचं कारण हेच आहे. समोरची काच तिरकी असते आणि डॅशबोर्डचं प्रतिबिंब त्या काचेत पडतं. वरचा भाग फिकट किंवा चकचकीत असेल, तर रस्त्याच्या चित्रावर पांढुरका पडदा धरल्यासारखं होतं. चकचकीत पृष्ठभाग ऊन आरशासारखं एकाच दिशेला फेकतो. मॅट पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो, तो तेच ऊन चारी दिशांना विखरून टाकतो. तेवढाच प्रकाश, पण डोळ्यांत भाला शिरत नाही.

म्हणजे काम ठरलं : चंदेरी काढायचं, मॅट गडद राखाडी मारायचं.

पट्टी उलटी करून वाचा

दारावरची सुटलेली पट्टी काढून बाबांच्या हातात दिली. त्यांनी रंगाकडे पाहिलंच नाही. पट्टी उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवला, आणि मागे कोरलेली बारीक अक्षरं वाचून म्हणाले, “हा तर आमचा पीपी. याच्यावर रंग बसणारच नव्हता.”

बाबा पेट्रोकेमिकलमधून निवृत्त झालेले. बडोद्याच्या मराठी घरांपैकी निम्म्यांत तरी तिथे काम केलेला एखादा काका सापडतोच. १९६९ साली स्थापन झालेल्या आयपीसीएलच्या बडोद्याच्या कारखान्यात पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पीपी, बनायचं आणि ‘कोयलीन’ या नावानं देशभर जायचं. पुढे कंपनी रिलायन्सकडे गेली. गाडीत सापडणारं दुसरं प्लास्टिक म्हणजे एबीएस, तेही आपल्या नंदेसरीत बनतं. (ब्रेकमधलं एबीएस वेगळं, त्याच्याशी याचा काही संबंध नाही.) गाडीच्या आतल्या प्लास्टिकची निम्मी गोष्ट अशी आपल्या वेशीवरचीच निघाली.

गाडीतल्या बहुतेक प्लास्टिकच्या तुकड्यांमागे बाणाच्या दोन टोकांमध्ये रोमन अक्षरांत त्यांचं नाव कोरलेलं असतं. पीपी, एबीएस, पीसी अधिक एबीएस, पीए म्हणजे नायलॉन. कधी नावापुढे ‘टीडी२०’ असतं, म्हणजे त्यात वीस टक्के टाल्क, शंखजिऱ्याची पूड मिसळली आहे. रंगाच्या दुकानात जाण्याआधी हे वाचणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत महत्त्वाचं पाऊल, आणि त्याला पैसा लागत नाही.

फरक काय? एबीएसच्या रेणूंमध्ये असे गट असतात, की रंगातला द्रव त्याच्या पृष्ठभागावर नीट पसरतो आणि थोडासा आत चावाही घेतो. म्हणून रंग धरून राहतो. पीपी अगदी अलिप्त. त्याला कोणाशी जवळीक करायची नसते. त्याच्यावर द्रव पसरत नाही, गोळा होऊन बसतो. अळूचं पान आठवा. पाण्याचा थेंब त्यावर मोत्यासारखा दिसतो, पण पान जरा कललं की घरंगळून जातो. आपल्याकडे क्षणभंगुर गोष्टीला अळवावरचं पाणी म्हणतात. नुसत्या पीपीवर मारलेला रंग म्हणजे अळवावरचा रंग. वाळला की छान दिसतो, पण त्यानं खाली कुठे मूळ धरलेलं नसतं. उन्हानं प्लास्टिक फुगलं, रात्री आकसलं, दोन-चार नखं लागली, की पापुद्रा सुटला.

आमच्या गाडीतच याचा पुरावा होता. एकाच माणसानं, एकाच दिवशी, एकाच डब्यातून मारलेला रंग दारांच्या पट्ट्यांवरून सोलून निघत होता आणि गिअरच्या चौकटीवर घट्ट होता. पट्ट्या पीपीच्या. चौकट पीसी आणि एबीएसच्या मिश्रणाची. दोष चंदेरी रंगाचा नव्हता, खालचं प्लास्टिक न विचारता मारण्याचा होता.

पीपीवर रंग बसवण्यासाठी अ‍ॅडहिजन प्रमोटर नावाचा पारदर्शक स्प्रे मिळतो. त्यातलं द्रव्य एका हातानं पीपीला धरतं, दुसऱ्या हातानं रंगाला. मध्यस्थच म्हणा ना! तो न मारता पीपी रंगवू नये. ‘सर्व प्लास्टिकसाठी’ असं डब्यावर लिहिलेलं असलं, तरी खाली बारीक अक्षरांत पीपीचा अपवाद केलेला असतो का, ते बघा.

मागे नाव नसेल तर काय करायचं? इंटरनेटवर पाण्यात टाकून बघायची युक्ती सांगतात : पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. साध्या पीपीच्या बाबतीत ती बरोबर आहे. पण टाल्क मिसळलेलं पीपी जड होतं आणि तेही बुडू शकतं. म्हणून तरंगलं तर पीपीसारखं समजा, पण बुडालं तर एबीएस असं समजू नका. शंका असेल तिथे प्रमोटर मारा.

याला हात लावू नका

रंगवायचं कसं ते सांगण्याआधी काय रंगवायचं नाही ते सांगतो.

पहिली गोष्ट, एअरबॅगचं झाकण. स्टीअरिंगचा मधला भाग आणि डाव्या सीटसमोरचा डॅशबोर्डचा भाग. नव्या मॉडेलच्या गाड्यांना पुढच्या दोन्ही सीटसाठी एअरबॅग १ एप्रिल २०२१पासून सक्तीची झाली, त्यामुळे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गाडीत दोन्ही असतील. त्या झाकणाला आतून पातळ केलेली रेघ असते आणि एअरबॅग फुगताना ते नेमकं त्या रेघेवर फाटायला हवं. त्यावर रंगाचे थर चढवले तर ते कसं फाटेल याची खात्री राहत नाही, आणि रंगाचे कपचे तोंडावर उडू शकतात. नव्या गाड्यांत पुढच्या काचेशेजारच्या खांबांच्या आच्छादनाखालीही एअरबॅग असते. जिथे ‘एअरबॅग’ असं कोरलंय तिथे रंग नाही, स्टिकर नाही, कव्हरही नाही.

दुसरी गोष्ट, सीटबेल्ट. पट्टा आणि बकल दोन्ही. पट्ट्यावर नुसता फवारा उडाला तरी धागे खराब होऊ शकतात. पट्ट्याच्या जवळचं काही रंगवायचं असेल, तर तो भाग काढूनच रंगवा.

तिसरी गोष्ट, हलणारे भाग. एसीच्या जाळीच्या फिरत्या पात्या, बटणं, कप होल्डरचं झाकण. रंगाचा थर पातळ असला तरी फट त्याहून पातळ असते, ते अडकायला लागतात. मी जाळ्यांभोवतीच्या चौकटी तेवढ्या रंगवल्या.

चौथी गोष्ट, स्टीअरिंग, गिअरची मूठ आणि दाराचं आतलं हँडल. हातांचा घाम आणि घर्षण इथे रोजचं, घरगुती स्प्रे फार टिकत नाही. आणि काही गाड्यांतलं रबरासारखं मऊ लेपाचं प्लास्टिक आपल्या हवेत काही वर्षांनी चिकट होतं. त्यावर रंग मारून चिकटपणा झाकला जात नाही. आधी तो लेप काढावा लागतो.

मुहूर्त

आपल्याकडे या कामाला खरा मुहूर्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात हवेत ओल असते. रंगातला द्रव उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि रंग पांढुरका, दुधाळ होतो. मे महिन्यात उलटं. फवाऱ्याचे थेंब हवेतच वाळतात आणि पृष्ठभागावर पावडरसारखे खरखरीत बसतात. पंचवीस-तीस अंशांची, कोरडी, वारा नसलेली सकाळ उत्तम.

आणि बडोद्यात राहणाऱ्यांना सांगायला नको, उत्तरायणाच्या आसपास गच्चीवर हे काम काढू नका. सगळी बिल्डिंग वर असते, वारा असतो, आणि ओल्या रंगावर मांजाचा दोरा पडला की झालंच. पतंग उतरले, गच्ची रिकामी झाली, तेव्हा फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी आम्ही सुरू केलं.

प्रत्यक्ष काम

तुकडे काढायला प्लास्टिकच्या पट्टीसारखी अवजारं मिळतात, ती घ्या. लोखंडी स्क्रूड्रायव्हर घातला की काठावर कायमची खूण पडते. जुन्या गाडीतल्या क्लिपा ठिसूळ झालेल्या असतात, दोन-चार तुटणारच. त्या आधीच जास्तीच्या आणून ठेवाव्या. गिअरजवळचं किंवा स्टीअरिंगजवळचं काही काढायचं असेल, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबा आणि पिवळ्या रंगाच्या कनेक्टरना हात लावू नका. ते बहुधा एअरबॅगचे असतात. प्रत्येक पायरीला फोनवर फोटो काढत जा आणि प्रत्येक तुकड्याचे स्क्रू नाव लिहिलेल्या वेगळ्या पिशवीत ठेवा. बाबांनी त्यासाठी आईच्या मसाल्याच्या रिकाम्या डब्या मिळवल्या. त्यांच्यावरची ‘ओवा’, ‘बडीशेप’ ही नावं खोडायला आईनं परवानगी दिली नाही, म्हणून आमच्या यादीत ‘ओवा : मागचं डावं दार’ अशा नोंदी आहेत.

मग धुणं. हे कंटाळवाणं, पण सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचा. डॅशबोर्ड चमकवायच्या पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉन असतं. ते वर्षानुवर्षं मुरलेलं असतं आणि त्याचा अंश जरी राहिला तरी ओला रंग तिथून पळतो, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. आधी भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी, जुन्या टूथब्रशनं कानाकोपऱ्यातून. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्यायचं, दर वेळी फडक्याची स्वच्छ बाजू वापरत. घरात पडलेला थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन एबीएसला चक्क विरघळवतं.

जुना चंदेरी रंग पीपीच्या पट्ट्यांवरून चिकटपट्टी लावून ओढली तरी निघत होता. ती जबाबदारी मुलीनं आनंदानं घेतली. चौकटींवरचा घट्ट रंग मात्र काढत बसलो नाही. जो धरून बसलाय तो अस्तराचं काम करतो. फक्त ४००चा आणि मग ६००चा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासला, चमक पूर्ण जाईपर्यंत. ज्या तुकड्यांवर चामड्यासारखी नक्षी असते त्यांना पेपर लावायचा नाही, नक्षी सपाट होते. त्यांना राखाडी घासणी पुरते.

आता टेस्टिंग. आम्ही लोक प्रॉडक्शनवर थेट काही टाकत नाही. एका पट्टीच्या मागच्या बाजूला, जी कधीच दिसणार नाही, अर्ध्या भागावर प्रमोटर आणि रंग, अर्ध्यावर नुसता रंग मारला. एक दिवस वाळू दिला. मग ब्लेडनं बारीक चौकड्या आखल्या, चिकटपट्टी घट्ट दाबून लावली आणि झटक्यात ओढली. नुसत्या रंगाचा भाग चिकटपट्टीबरोबर निघून आला. प्रमोटरवरचा एकही चौकोन हलला नाही. रंगाच्या कारखान्यांतही पकड तपासायची हीच पद्धत आहे, फक्त त्यांची अवजारं नेमकी असतात. तुम्ही बाकी सगळं विसरलात तरी ही चाचणी विसरू नका. एका दिवसात तुम्हाला पुढच्या पाच वर्षांचा अंदाज येतो.

फवारणीचे नियम थोडेच. डबा दोन मिनिटं हलवायचा. अंतर वीत-सव्वावीत, म्हणजे वीस-पंचवीस सेंटिमीटर. फवारा तुकड्याच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याला अर्धा झाकेल असा न्यायचा. पहिला हात इतका विरळ, की खालचं प्लास्टिक दिसत राहिलं पाहिजे. मग दहा-पंधरा मिनिटं थांबून पुढचा. असे तीन-चार हात. प्रमोटरनंतर रंग किती वेळात मारायचा ते त्याच्या डब्यावर असतं, ती वेळ पाळा, उशीर झाला तर त्याची पकड जाते. शेवटी मॅट क्लिअरचे दोन पातळ हात.

आणि मग थांबणं. तासाभरात रंग हाताला कोरडा लागतो, पण आतून तो अजून मऊ असतो. आम्ही तुकडे आठवडाभर खोलीत पसरून ठेवले. गाडी आठवडाभर आतून उघडीवाघडी होती, बाबा रिक्षानं गेले.

फवाऱ्याचा धूर आणि देवघरातली समई

स्प्रेच्या डब्यातला वायू ज्वालाग्राही असतो आणि बहुधा हवेपेक्षा जड, त्यामुळे तो जमिनीलगत पसरतो. बाल्कनीत फवारणी चालू असताना आत देवघरात समई तेवत असेल किंवा गॅस पेटलेला असेल, तर ते अंतर वाटतं तेवढं सुरक्षित नाही. उघड्या गच्चीवरच करा. मुलांना खाली ठेवा. डबे उन्हात उभ्या गाडीत ठेवून जाऊ नका. पन्नास अंशांच्या वर नेऊ नये असं त्यांच्यावरच लिहिलेलं असतं आणि उन्हात बंद गाडी ते अंश सहज ओलांडते.

करोनाच्या दिवसांतला एन-९५ मास्क थेंब अडवतो, पण रंगातल्या द्रवाची वाफ अडवत नाही. त्यासाठी काडतुसं लावलेला रबरी मास्क लागतो. दुकानदार तुम्हाला ‘टू-के’ क्लिअर घ्या म्हणतील, जास्त टिकतो म्हणून. टिकतो हे खरं. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्यानं कायमचा दमा जडू शकतो. वर्कशॉपमध्ये ते मारणारे बाहेरून शुद्ध हवेची नळी जोडलेला मास्क घालतात. घरी ज्येष्ठ माणसं, लहान मुलं असताना हे आणू नका. गाडीच्या आत पाऊस लागत नाही, साधा क्लिअर पुरतो.

हिशोब

साबण, अल्कोहोल, पेपर, क्लिपा मिळून ५५० रुपये. प्रमोटर ९००. राखाडी रंगाचे ४०० मिलिलिटरचे दोन डबे ९००. मॅट क्लिअर ५००. मास्क १,७००, तो पुढेही वापरता येईल. एकूण ४,५५०. वेळ दोन शनिवार-रविवार. दिसायला काम कंपनीच्या मालाच्या जवळ जातं, बरोबरीचं नाही. जवळून पाहिलं तर एका चौकटीच्या कडेला धुळीचा कण आहे. बाबांना तो दिसत नाही आणि मी दाखवलेला नाही.

आता देखभाल : ओलं मायक्रोफायबर फडकं, गरज पडली तर साबणाचा एक थेंब. पॉलिश नको, त्यानं मॅटची चमक परत येते आणि सगळ्या खटाटोपावर पाणी पडतं. हाताला सनस्क्रीन किंवा डीट असलेली डासांची क्रीम लावली असेल तर आधी हात पुसा. अशी द्रव्यं रंग आणि प्लास्टिक दोन्ही खातात.

राहिला बाबांचा प्रश्न. तुकडे बसवल्यावर साडेचारच्या उन्हात तेच गाडी चालवत गेले, मी शेजारी होतो. चौकटीवर ऊन पडलेलं दिसत होतं, पण ते तिथेच राहिलं. दांडिया बाजारला पोचल्यावर गाडी लावून ते एवढंच म्हणाले, “येताना तू रिक्षानं जा, मला वेळ लागेल.”

भावाशी नंतर नीट बोललो. त्याची काळजी एका रंगानं मिटणारी नाही आणि मिटू नये. बाबांसकट तिघांनी मिळून ठरवलंय : दिवसा, शहरात, ओळखीच्या रस्त्यांवर बाबा चालवतील. अंधार पडल्यावर आणि हायवेवर नाही. वर्षातून एकदा डोळे तपासायचे आणि डॉक्टर ज्या दिवशी नको म्हणतील त्या दिवशी किल्ली माझ्याकडे. लायसन्सचं नूतनीकरण या वयात पाच-पाच वर्षांचं असतं, पण आम्ही पाच वर्षं थांबणार नाही. ही अट बाबांनी स्वतः घातली.

तुमच्या घरीही कोणी ज्येष्ठ मंडळी ‘चमकतं’ म्हणत असतील, तर डॉक्टरांना दाखवून झाल्यावर एकदा त्यांच्या उंचीला सीट लावून, त्यांच्या वेळेला, त्यांच्या रस्त्यानं गाडी चालवून बघा. आणि रंगवायचं ठरलंच, तर तुकडा काढून उलटा करा, मागच्या अक्षरांचा फोटो या सदराच्या नंबरवर पाठवा. मला नाही कळलं तर बाबांना विचारून सांगतो. त्यांना हल्ली असे प्रश्न आले की फार आवडतं.